शंकेच्या पुढचं वाक्य

तात्या, टीव्हीवाल्यांचं उत्तर आलं. तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी, मी ऑफिसात असताना. महिनाभर तुम्ही रोज सकाळी जिन्याखाली उभे राहून विचारायचात, "इंजिनेर, आलं का गं काय?" आणि मी हेल्मेट घालता घालता नुसती मान हलवायची. आता आलंय. चार ओळींचं आहे. आपल्या प्रतिक्रियेबद्दल आभार, आमचा कार्यक्रम सत्य घटनांवर आधारित नाट्यरूपांतर आहे, कोणाच्याही भावना दुखावण्याचा हेतू नाही. खाली पाच चांदण्या काढल्यात आणि विचारलंय, आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात.

ती मेल मी कुणाला दाखवली नाही. काकूंना तर नाहीच. त्या आधीच विचारत असतात, माणूस चहा पिऊन कप खाली ठेवतो आणि जातो, असं कसं. त्यात ही भर कशाला. रडू आलं असतं तर मोकळं वाटलं असतं. मला नुसती चीड आली, आणि ती अजून गेलेली नाही. त्यांच्यावर आहे, गावावर आहे, थोडी तुमच्यावर आहे. सगळ्यात जास्त माझ्यावर.

सात वर्षांपूर्वी परभणीहून नोकरीला आले तेव्हा हिंजवडीच्या गर्दीत जीव गुदमरायचा. कुणीतरी सांगितलं, घोटावड्याकडं गेलं की वाड्यांमधून खोल्या मिळतात, हवा चांगली आहे. तुमच्या स्लॅबवरची खोली बघायला आले तर तुम्ही मलाच बसवून चौकशी केलीत. गाव कुठलं, वडील काय करतात, कामाचं स्वरूप काय. मी म्हटलं, सॉफ्टवेअर टेस्टिंग. "म्हंजे?" "दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढते." तुम्ही काकूंकडं बघून म्हणालात, "मग आपल्या घरात चालंल."

तुम्ही निवृत्त पोलीस पाटील आहात हे मला नंतर कळलं. आमच्याकडं त्या पदाचा एवढा बोलबाला नसतो. तुम्हीच समजावलंत, गावात कुणाचं काही बरंवाईट झालं की ठाण्याला पहिली खबर द्यायची, पोलीस येईस्तोवर कुणाला कशाला हात लावू द्यायचा नाही, पंचनाम्याला उभं राहायचं. ती सवय तुमच्या अंगातून गेली नव्हती. घोटावडे फाट्यावर ट्रकनं मला कट मारला आणि मी पडले, तेव्हा सगळे गाडी उचलायला धावले आणि तुम्ही आधी पावलांनी रस्ता मोजलात. किती पावलांवर गाडी, किती पावलांवर खडी, चाकाची खूण कुठून वळली. खिशातल्या वहीत लिहून घेतलंत आणि मग माझ्या गुडघ्याकडं बघितलंत. ट्रकवाला म्हणत होता, मॅडमच मध्ये आल्या. तुम्ही वही पुढं केलीत आणि तो गप्प झाला. त्या दिवशी मला वाटलं, हा माणूस माझ्याच धंद्यातला आहे.

म्हणून तर तुमचा टीव्ही मला सहन व्हायचा नाही.

रविवारी दुपारी जेवण झालं की तुम्ही हाक मारायचात. काकूंचा गाण्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम आधी, मग तुमचा गुन्ह्यांचा. तो भारदस्त आवाजातला निवेदक, तेच ते दारांचं करकरणं, आणि सुरुवातीलाच पडद्यावर येणारी अक्षरं. तुम्ही ती प्रत्येक वेळी मोठ्यानं वाचायचात, "सत्य घटनेवर आधारित."

"तात्या, आधारित म्हणजे घटना तेवढी खरी. बाकीचं यांनी रचलेलं."

"भिताडाला आधार दिला म्हंजे भिताड खोटं व्हतं का?"

"पण बंद खोलीत ती दोघं काय बोलली हे यांना कसं कळलं? एक मेली, दुसरा तुरुंगात."

"त्यानं कबुलीजबाब दिला आसंल की."

"आणि मागून संगीत कुणी दिलं?"

त्यावर तुम्ही हसायचात, पण ऐकायचात नाही. मग मी काकूंच्या कार्यक्रमावर घसरायचे. परीक्षकाच्या पुढ्यातला कप मी तुम्हाला दाखवला होता. मुलगी गाताना भरलेला, तिचं कौतुक करताना रिकामा, आणि डोळे पुसताना पुन्हा भरलेला. म्हणजे रडणं कधीचं तरी काढलेलं, चिकटवलंय इथं. मला वाटलं, जिंकले. काकू म्हणाल्या, "रडू खोटं आसलं तरी पोरगी तर खरी हाय का न्हाई?" आणि तुम्ही टाळी दिलीत त्यांना.

सहा वर्षं आपण हा वाद घातला. मला तो गमतीचा वाटायचा. तुम्हाला तसा तो नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

मागच्या वर्षी त्या कार्यक्रमाची माणसं वाडीत आली. पांढरी गाडी, दोन कॅमेरे आणि एक गोड बोलणारी मुलगी. त्यांना शोभाचा विषय हवा होता. ओढ्यापलीकडच्या दत्तूकाकांची बायको शोभा घटस्थापनेच्या आधी गोधड्या धुवायला कासारसाईच्या धरणावर गेली होती आणि पाय घसरून बुडाली. त्यांची अश्विनी तेव्हा चार वर्षांची. तिथं पहिले पोचलेले, ठाण्याला खबर देणारे, पंचनाम्याला उभे राहिलेले तुम्हीच. अपघाती मृत्यू म्हणून कागद बंद झाला. पंधरा-सोळा वर्षं त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

ती मुलगी येऊन गेली त्या संध्याकाळी तुम्ही वर आलात. एरवी जिना चढायचा नाहीत, गुडघे दुखतात म्हणायचात. "बोलू का गं त्यांच्यासंगं? उद्या येणारेत."

तात्या, तेव्हा मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेल. मला तर रोज आठवतं. मी म्हणाले, "बोला की. तुमचा एवढा विश्वास आहे ना? बघू या आता, काय दाखवतात." मला ठाऊक होतं. मी चुका काढायच्या धंद्यात आहे, मला पक्कं ठाऊक होतं की ते काहीतरी गडबड करणार. मी तुम्हाला थांबवायला हवं होतं. मला वाद जिंकायचा होता.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले. तुम्ही ओसरीत तीन तास बोललात, काकू पूर्ण वेळ चौकटीत उभ्या होत्या. म्हणून तुम्ही काय बोललात ते मला शब्दाशब्दानं ठाऊक आहे, पण ते कळलं नंतर.

कार्यक्रम दाखवायचा दिवस तुम्ही अख्ख्या वाडीला सांगितला होता. इस्त्रीचा सदरा घातला होतात. ओसरीत माणसं मावत नव्हती. आणि तुम्ही दत्तूकाकांना आणि अश्विनीलाही बोलावलं होतंत. "शोभाची आठवण काढत्यात लोकं, या दोघं," असं म्हणून. ते आले. दत्तूकाका दाराशी बसले, भिंतीला पाठ लावून. अश्विनी काकूंच्या शेजारी.

नावं बदलली होती. धरणाची नदी झाली होती. गोधड्यांचा पत्ता नव्हता, तिथं मोबाइल आला होता आणि कुणीतरी परका माणूस. दत्तूकाकांचं काम करणारा नट दाढीवाला, दारू पिणारा. आणि मग एकदम तुम्ही दिसलात. सगळ्यांची नावं बदलली, तुमचं तोंड मात्र तुमचंच. ओसरीतल्या पोरांनी शिट्टी मारली. तुम्ही पडद्यावर म्हणालात, "मला बी आधी शंका आली व्हती. नवऱ्याच्या हातावर ओरखडे व्हते."

एवढंच. मग संगीत, आणि तो नट पाण्याकाठी उभा, आणि बाईचा हात त्याच्या मनगटात रुतलेला.

अश्विनी उठली. वडिलांजवळ जाऊन म्हणाली, "बाबा, चला." ते उठेनात. तिनं त्यांच्या चपला उचलून त्यांच्या पायांपुढं ठेवल्या. दोघं माणसांच्या पायांमधून वाट काढत गेले. जाहिराती लागल्या तशी ओसरी रिकामी झाली. बोलत बोलत गेली माणसं, हळू आवाजात.

तुम्ही टीव्हीकडंच बघत होता. आणि मी, जी सहा वर्षं तुम्हाला सांगत होते की यातलं काही खरं मानू नका, मी तुम्हाला विचारलं, "तात्या, पण शंका आली होती का तुम्हाला? कधी बोलला नाहीत."

तुम्ही काकूंकडं पाणी मागितलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढताना तुम्ही जिन्याखाली होता. आवाज चढवला नाहीत. "इंजिनेर, सा वर्सं तू मला सांगत व्हतीस टीव्ही खोटा हाय. आन काल येक दिस तुला त्यो खरा वाटला. त्यो बी माज्यावर."

मी काहीतरी बोलले. तसं नाही, मी फक्त विचारलं, असलं काहीतरी. खरं तर तसंच होतं, तात्या. पडद्यावर तुमचं तोंड होतं, तुमचा आवाज होता, आणि तेवढा एक क्षण माझ्या डोक्यात आलं की पाटलांनी तेव्हा दाबलं तर नसेल. मी एवढा एक शब्द, चुकले, म्हणायला हवं होतं. ऑफिसला उशीर होतोय असं म्हणाले.

संध्याकाळी काकूंनी पुढचं सांगितलं. "शंका आली व्हती, आसं बोलले हे खरं. पर लगीच पुढं सांगितलं की. त्या दोन बाया तितं धुणं धूत व्हत्या, त्यांनी बगितलं, दत्तू उडी टाकून तिला वढायला गेला, तवा तिनं त्याचा हात धरला. ते ओरखडे वाचिवतानाचे हायेत. त्या दिसापासनं मला त्याच्याकडं बगवत न्हाई, आसं बोलले. त्या कॅमेऱ्यावाल्या पोरीच्या बी डोळ्यात पाणी आलं."

मी तो भाग फोनवर पुन्हा लावला. तुमच्या वाक्यानंतर तुमचं तोंड उघडं आहे. ओठ पुढच्या शब्दाला हललेले आहेत, तिथंच कापलंय. शेजारच्या खांबाची सावली शंकेच्या वाक्यात तुमच्या गुडघ्यावर आहे, ओरखड्यांच्या वाक्यात पायरीवर. हे मला पहिल्याच वेळी दिसायला हवं होतं. परीक्षकाचा कप दिसला, तुमचा ओठ दिसला नाही.

तुम्ही दत्तूकाकांच्या गोठ्यावर गेला होतात. ते तुम्हीच सांगितलंत, बऱ्याच दिवसांनी. दत्तूकाका म्हशीला वैरण टाकत होते. वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "तात्या, तुमी त्ये बोलायलाच नको व्हतं."

"आरं, पुढचं बी बोललो व्हतो मी."

"पुढचं कुनी ऐकलं?"

त्यानंतर त्यांनी तुमच्या ओसरीला पाय लावला नाही. रस्त्यात दिसले तर मान खाली घालून जायचे. तुम्ही थांबायचात, ते पुढं गेलेले असायचे.

आणि मग कोळवणचा निरोप आला. अश्विनीचं तिथं ठरत आलं होतं, साखरपुड्याची बोलणी चालू होती. मुलाच्या काकाचा फोन आला, जरा थांबू या. थांबू या म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं.

तुम्ही शनिवारी सकाळी टोपी घालून माझ्या गाडीपाशी येऊन उभे राहिलात. "कोळवणला सोडतीस का?" दत्तूकाकांना तुम्ही विचारलं नव्हतंत. मी म्हटलं, त्यांना तरी सांगा. "त्याला सांगितलं तर त्यो जाऊ द्यायचा न्हाई." मी गाडी काढली. वाटेत तुम्ही एकदाच बोललात, खड्डा आहे म्हणून.

त्यांचं घर भाताच्या खाचरांच्या कडेला, शेजारी कुणा पुण्यातल्याचं कुंपण घातलेलं फार्महाऊस. मुलाचे वडील माणूस म्हणून वाईट वाटले नाहीत. चहा दिला. तुम्ही सगळं सांगितलंत, धरण, गोधड्या, दोन बाया, त्यांची नावं, त्यातली एक अजून जिवंत आहे, हवं तर भेटवतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन काढून तुमच्यापुढं धरला.

"ह्ये तुमीच ना?"

"मीच."

"मग आता येगळं का सांगताय?"

"येगळं न्हाई सांगत. आता समदं सांगतोय."

मुलाचा काका खाटेवर बसला होता. तो म्हणाला, "पाटील, राग मानू नका. पर त्या कार्यक्रमात बी आसंच आसतंय. साक्षीदार आदी खरं बोलतो आन मागनं फिरतो. कुनी दाब टाकलाय का तुमच्यावर?"

मी मध्ये बोलायला गेले, हे एडिट केलंय, बघा ही सावली, असं. तो म्हणाला, "ताई, तुमी कोन त्यांच्या?" मी म्हटलं, भाडेकरू. त्यानं मान डोलावली, जणू उत्तर मिळालं.

येताना तुम्ही गाडी थांबवायला सांगितलीत. टपरीवर बसलो. मला संताप आला होता. मी म्हणाले, "बघितलंत? हेच मी सहा वर्षं सांगत होते. कशाला बघायचं असलं? कशाला विश्वास ठेवायचा?" एका म्हाताऱ्या माणसाला, त्या दिवशी, तिथं. तोंडातून निघून गेलं.

तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही म्हणालात, "माज्या हातनं किती पंचनामे झाले. फास घेतलेली, विहिरीत पडलेली, जळालेली. सही केली, कागद ठाण्यात गेला, मग कोर्टात. पुढं काय झालं ते मला येकदा बी कुनी सांगितलं न्हाई. घरची लोकं मला इच्यारायची, पाटील, काय झालं वो आमच्या पोरीच्या केसचं? मला काय ठावं. टीव्हीवर पन्नास मिंटात शेवट तरी दावत्यात. म्हनून बगत व्हतो मी. त्यातलं समदं खरं आसतंया आसं मला बी वाटत नव्हतं."

मग कपातला चहा संपवून म्हणालात, "तुला काय वाटलं, मी येडा हाय?"

मी नाही म्हणाले. पण वाटत होतं, तात्या. इतकी वर्षं तेच वाटत होतं. तुम्हाला कॅमेऱ्याचं काही कळत नाही, तुम्हाला शिकवायला हवं, असं धरूनच मी रविवारी खाली यायचे. तुम्हाला काय हवंय हे एकदाही विचारलं नाही.

अश्विनीचं सांगते, कारण तुम्ही गेलात तेव्हा ते अर्धंच तुमच्या कानावर होतं. त्या मुलाचा तिला फोन आला होता. माझा या सगळ्यावर विश्वास नाही, पण घरचे ऐकत नाहीत, थोडं थांब, असं म्हणाला. ती म्हणाली, "विश्वास न्हाई तर घरात सांग. मला फोनवर गुपचूप सांगून काय उपयोग?" आणि तिनं स्वतःच नाही म्हणून कळवून टाकलं. पिरंगुटच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला लागली आहे, नर्सिंगचा फॉर्म भरणार आहे. मला म्हणाली, तात्यांना वाटतं माझं त्यांच्यामुळं मोडलं, त्यांना सांग तसं काही नाही. मी म्हटलं, सांगते. मंगळवारी म्हणाली होती. मी रविवारी सांगायचं ठरवलं, निवांत बसून. तुम्ही गुरुवारी गेलात.

आणि टीव्हीवाल्यांना लिहिलेलं ते पत्र. तुम्ही सांगत होता आणि मी टाइप करत होते. तुम्हाला सुरुवात करायची होती, "आपला कार्यक्रम मी नेमाने पाहतो व तो चांगला असतो." मी म्हटलं, हे मी लिहिणार नाही. तुम्ही म्हणालात, तक्रार असली तरी माणसानं आधी नमस्कार करावा. मी म्हटलं, नमस्कार लिहिते, चांगला लिहिणार नाही. त्यावरून आपण दोन रविवार भांडलो. मग ऑफिसात सॉफ्टवेअरच्या रिलीजची धावपळ आली, घरी आले की नुसती झोपायचे, आणि ते पत्र ड्राफ्टमध्ये पडून राहिलं. तुम्हाला वाटत होतं, गेलंय. तुम्ही उत्तराची वाट बघायला लागलात त्यानंतर पंधरा दिवसांनी मी ते पाठवलं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगते. आणि ते वाक्य शेवटी मी तसंच ठेवलं होतं, तुम्ही सांगितलं तसं. तेही तुम्हाला सांगितलं नाही.

तुमच्या घरी हे दहा दिवस माणसांची रीघ होती. चटईवर बसायची, काकूंना धीर द्यायची, आणि बाहेर ओट्यावर गेली की तोच विषय. खरं काय असेल? कुणी म्हणायचं, टीव्हीवाले मीठमसाला लावतात. कुणी म्हणायचं, "विस्तव आसल्याबिगर धूर निघतो व्हय?" तुमचे एक लांबचे मेहुणे तर म्हणाले, पाटलांच्या मनाला लागलं ते काहीतरी ठाऊक असल्याशिवाय का. मी आत काकूंच्या शेजारी बसून हे ऐकत होते. तुमच्या तेराव्याच्या आत तुमचीच केस उघडून बसले होते सगळे, आणि पुरावा काय, तर टीव्हीवरचे तुमचे एकोणीस सेकंद.

काल दशक्रिया विधी झाला. नदीच्या घाटावर, मांडव घालून, माइक लावून. प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं. आपल्या भागातले ते पुढारी, ज्यांना तुम्ही मत दिलंत की नाही हे काकूंनाही कधी सांगितलं नाहीत, ते उठले आणि म्हणाले, "तात्यांनी आपल्या छोट्याशा वाडीचं नाव टीव्हीवर नेलं. अख्ख्या महाराष्ट्रानं त्यांना पाहिलं." माणसांनी माना डोलावल्या. ज्यानं तुम्हाला आतून पोखरलं तेच त्यांनी हार करून तुमच्या फोटोला घातलं.

मी उठले. बायका माझ्याकडं बघायला लागल्या. माइक धरून मी म्हणाले, तात्या जे टीव्हीवर बोलले ते अर्धं वाक्य होतं, पुढचं मी सांगते. सांगितलं. ओरखडे कशाचे होते ते, त्या दिवसापासून तुम्हाला दत्तूकाकांकडं बघवायचं नाही ते. माइक खरखरत होता. मागून कुणीतरी म्हणालं, ताई, आवाज येत न्हाई. मी पुन्हा सांगितलं. काहींना ऐकू गेलं असेल. बऱ्याच जणांना जेवणाच्या पंगतीची घाई होती. आणि एवढं झाल्यावर मला काय सुचावं, तर मी "धन्यवाद" म्हणाले आणि खाली बसले. अजून त्याचाच राग येतोय.

पण मी बोलायच्या कितीतरी आधी, अगदी सकाळी, जे झालं ते तुम्हाला सांगायचंय. त्यासाठीच हे सगळं लिहायला बसले.

तुमच्या भावकीतली माणसं केस उतरवायला घाटाच्या कडेला ओळीनं बसली होती. संतोषदादाचं, म्हणजे तुमच्या मुलाचं, नुकतंच झालं होतं. तो पंच्यानं डोकं पुसत होता. दत्तूकाका आले होते, पण लांब उभे होते, लिंबाखाली, अश्विनीबरोबर. तुमचं त्यांचं नातं नाही, आडनाव वेगळं, वस्ती ओढ्यापलीकडची. ते चालत आले आणि न्हाव्याच्या पुढ्यात संतोषदादाच्या रिकाम्या जागेवर बसले.

न्हाव्यानं हात थांबवला. संतोषदादा म्हणाला, "दत्तूकाका, तुमी कशाला? तुमाला कुटं सुतक हाय?"

दत्तूकाकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आसू दे," म्हणाले.

ओळीतली माणसं बघत होती. ज्यांनी ओट्यावर बसून विस्तव आणि धूर काढला होता तीही. न्हाव्यानं संतोषदादाकडं बघितलं, संतोषदादानं मान हलवली. दत्तूकाकांनी डोकं पुढं केलं, आणि न्हाव्यानं तांब्यातलं पाणी हातात घेऊन त्यांचे केस भिजवायला सुरुवात केली.